पान, पीठ आणि गूळ : सणाच्या गोडाची नामव्यवस्था व डहाणू-तलासरीचा सीमाप्रदेश

१. शीर्षकातील पेच

सणाच्या मेजवानीत कोणते गोड पदार्थ वाढावेत, हा प्रश्न सामान्यतः गृहशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. तथापि पदार्थ पानात येण्यापूर्वी त्याचे नाव यादीत येते. यादी म्हटली की वर्गीकरण आले, आणि वर्गीकरण आले की भाषेच्या अभ्यासकास तेथे काम उरतेच. अलीकडे 'सणासाठी आशियाई आणि फिलिपिनो गोड पदार्थ' अशा शीर्षकाच्या याद्या मराठी वाचकासमोरही येऊ लागल्या आहेत. त्या याद्यांतील पदार्थांविषयी काही तक्रार करण्याचे कारण नाही. तांदूळ, नारळ व गूळ यांचे ते पदार्थ कोकणातील कोणालाही आपलेसे वाटावेत असेच आहेत. विचार करावयाचा आहे तो यादीच्या रचनेचा, आणि ती रचना मराठीत जशीच्या तशी उचलल्याने काय दिसेनासे होते याचा.

शीर्षकातच एक तार्किक दोष आहे. फिलिपाइन्स हा आशियाचाच भाग असल्यामुळे येथे पूर्ण आणि अंश हे शेजारी शेजारी मांडले गेले आहेत. हे शीर्षक ज्या समाजात घडले, म्हणजे अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांत, तेथे त्याला काही अर्थ आहे. तेथे 'आशियाई' हे एका सामाजिक गटाचे नाव आहे आणि फिलिपिनो कुटुंबे त्या गटात असूनही आपले वेगळेपण सांगू इच्छितात. मराठीत हे शीर्षक आले की त्यातील 'आशियाई' या शब्दाचा अर्थ चीन, जपान, थायलंड, इंडोनेशिया असा आकुंचित होतो आणि मराठी भाषक स्वतःस त्यातून नकळत वगळतो. आपण आशियात राहतो, आपल्या शेजारच्या पाड्यावर पानात उकडलेला तांदळाचा गोड पदार्थ होतो, आणि त्या पदार्थाचा सुमानाशी काही संबंध जोडून पाहता येईल, हा विचारच या शीर्षकाच्या मराठी रूपातून नाहीसा होतो.

या दृष्टीने पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके तपासण्याजोगे आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु या भूभागाचे भाषिक वैशिष्ट्य त्याहून फार जुने आहे. पश्चिमेस समुद्र व नारळीची किनारपट्टी, पूर्वेस डोंगर व वारली पाडे, उत्तरेस गुजराती भाषेचा प्रदेश. १९६० च्या राज्यविभाजनात जुन्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि राज्यांची सीमा येथून आखली गेली. वारली, मांगेला, वाडवळ, गुजराती, पारशी, इराणी असे अनेक समाज येथे एका बाजारात वावरतात. अशा ठिकाणी पदार्थांची नावे सीमा कशी ओलांडतात आणि कोठे अडतात, हे चांगले पाहता येते.

२. 'डेझर्ट' हे कशाचे नाव

अशा याद्यांत रूढ झालेला 'डेझर्ट' हा शब्द प्रथम घ्यावा. तो ज्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला त्याचा अर्थ 'वाढलेले उचलणे, मेज साफ करणे' असा आहे. म्हणजे मुळात हे पदार्थाचे नाव नसून वेळेचे नाव आहे : ताटे उचलल्यानंतर जे येते ते. मराठी जेवणात गोडाचे स्थान असे शेवटी ढकललेले नाही. पारंपरिक पंगतीत गोड पानातच वाढले जाते, इतर पदार्थांसह खाल्ले जाते, आणि त्याची योजना बहुधा नैवेद्याच्या निमित्ताने ठरते. 'पक्वान्न', 'गोडधोड', 'खाऊ', 'नैवेद्य' या मराठी शब्दांपैकी एकही शब्द जेवणातील क्रमाचा निर्देश करीत नाही. डहाणूच्या पारशी घरांत सणाच्या दिवशी रवो, शेव व गोड दही ही सकाळच्या न्याहारीची वस्तू आहे. तिला 'डेझर्ट' म्हणणे म्हणजे दिवसाचा आरंभ हाच शेवट मानण्यासारखे आहे.

गंमत अशी की फिलिपिनो व्यवस्थेसही हा शब्द पुरा पडत नाही. तागालोग भाषेत जेवणानंतरच्या गोडास 'हिमागास' हा वेगळा शब्द आहे. परंतु सणाच्या याद्यांत जे पदार्थ अग्रभागी असतात, त्यांतील बरेचसे 'काकानिन' या वर्गात मोडतात. काकानिन म्हणजे तांदळाचे, बहुधा चिकट तांदळाचे, खाद्य. ते मधल्या वेळी किंवा सकाळी खाल्ले जाते. नाताळापूर्वी १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेपूर्वी 'सिंबांग गाबी' या नावाच्या प्रार्थना होतात, आणि त्या आटोपून बाहेर पडणारे लोक चर्चच्या दाराशी बिबिंगका व पुतो बुंबोंग विकत घेऊन गरम गरम खातात. येथे गोडाचा संबंध जेवणाच्या शेवटाशी नसून पहाटेच्या थंडीशी व प्रार्थनेशी आहे.

'काकानिन' या शब्दाची घडण मराठी अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. तागालोग 'काइन' म्हणजे खाणे. त्यास '-इन' हा प्रत्यय लागून 'कानिन' हे रूप झाले. त्याचा शब्दार्थ 'जे खाल्ले जाते ते', आणि रूढार्थ शिजलेला भात. त्याच 'कानिन'पासून काकानिन. संस्कृतात √अद् 'खाणे' या धातूचे भूतकालवाचक धातुसाधित 'अन्न'. त्याचाही शब्दार्थ 'खाल्लेले, खाण्याचे', आणि कन्नड-तेलुगूत त्याच शब्दाचा रूढार्थ शिजलेला भात. दोन्ही भाषाकुले सर्वस्वी भिन्न आहेत. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेले नाही. तांदूळ हेच मुख्य खाद्य असलेल्या समाजांत 'खाद्य' आणि 'भात' हे अर्थ एकमेकांत मिसळतात, एवढाच याचा अर्थ. देशवार यादीत हे साम्य दिसत नाही, कारण तेथे पदार्थ देशाच्या नावाखाली बंद झालेले असतात.

३. पान हे नावाचे मूळ

वारली समाजाच्या दिवाळीचा आरंभ वाघबारशीने होतो. हा काळ नव्या भाताचा. वेलींवरच्या काकड्या याच सुमारास मोठ्या व जून झालेल्या असतात. काकडी किसून तिच्यात नव्या तांदळाचे पीठ व गूळ कालवावा, ते मिश्रण रुंद पानात गुंडाळावे व वाफेवर उकडावे, असा जो पदार्थ या दिवसांत होतो त्यास सावेली किंवा सावेला म्हणतात. चवळीच्या शेंगा, कोनफळ, करांदे हे उकडलेले पदार्थ त्याच्या सोबतीस असतात. पिठात दूध नाही, तूप नाही; पीठ भिजते ते काकडीच्याच पाण्याने. नारळ ही किनाऱ्याची वस्तू. डोंगराकडच्या तलासरीत जे हाताशी असते त्यावर हा पदार्थ उभा आहे. पाकक्रियेच्या दृष्टीने पाहिले तर येथे एकही गोष्ट अनावश्यक नाही.

आता या पदार्थाची भावंडे पाहावीत. दक्षिण कोकण व गोव्यात काकडी, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे यांची तवसोळी होते. तिच्या नावातील 'तवसे' हा काकडीवाचक शब्द संस्कृत 'त्रपुस'पासून आलेला आहे. म्हणजे तेथे नाव घटकावरून पडले. तांदळाचे पीठ केळीच्या किंवा हळदीच्या पानात घालून तव्यावर भाजले की त्याचा पानगा होतो. तेथे नाव पानावरून पडले. हळदीच्या पानावर उकड थापून, खोबरे-गुळाचे सारण घालून, पान दुमडून उकडले की पातोळी; त्या शब्दाच्या आरंभीही 'पात' म्हणजे पानच असावे, असे त्याच्या रूपावरून मानता येते. कोकणात पातोळ्या नागपंचमीस होतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत त्याच १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणास होतात. पान एक, सारण एक, सण व धर्म भिन्न.

सीमेपलीकडे गेले की याच पानाचे वेगळे रूप भेटते. गुजरातीत 'पानकी' म्हणजे केळीच्या पानात शिजवलेले तांदळाच्या पिठाचे पातळ आवरण. ते गोड नसते, तिखट-मिठाचे असते. 'पानगा' व 'पानकी' ही नावे शेजारी ठेवली म्हणजे लक्षात येते की नावाचा आधार चव नसून पानात शिजवण्याची क्रिया आहे. डहाणूच्या बाजारात ज्याच्या कानांवर दोन्ही भाषा पडतात त्याला हे सांगावे लागत नाही. अडचण पडते ती यादी करणाऱ्यास, कारण 'गोड पदार्थ' असा रकाना आखताच एक भावंड आत येते व दुसरे बाहेर राहते.

फिलिपाइन्समधील सुमान या पदार्थाची गोष्ट अशीच आहे. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या किंवा ताडवर्गीय झाडाच्या पानात गुंडाळून उकडतात. त्याचे प्रकार नावानेच ओळखले जातात. 'सुमान सा इबुस' हा इबुस, म्हणजे बुरी ताडाच्या कोवळ्या पानात बांधलेला. 'सुमान सा लिह्या' हा क्षाराच्या पाण्याने संस्कारलेल्या तांदळाचा, व त्यातील 'लिह्या' हा शब्द स्पॅनिश. पुतो बुंबोंग या नावातील 'बुंबोंग' म्हणजे बांबूची नळी. जांभळट तांदळाचे पीठ त्या नळीत वाफवून त्यावर खोबरे व साखर पसरतात. म्हणजे तेथेही नाव सांगते ते पान, पात्र किंवा संस्कार. पानगा आणि 'सुमान सा इबुस' यांच्या नामकरणामागे एकच तत्त्व काम करीत आहे.

पदार्थांतील भेदाचेही कारण सांगता येते. आग्नेय आशियातील चिकट तांदूळ शिजल्यावर आपोआप घट्ट बसतो, म्हणून तेथे अख्खा तांदूळ पानात बांधता येतो. कोकणचा तांदूळ असा बसत नाही. त्यास दळावे लागते, पिठाची उकड काढावी लागते, किंवा काकडीच्या पाण्यात पीठ कालवावे लागते. तांदळाच्या जातीमुळे पुढची सारी क्रिया बदलते, परंतु पान आणि वाफ ही जोडी कायम राहते. देशाच्या नावाने पाडलेल्या रकान्यांपेक्षा ही जोडी वर्गीकरणास कितीतरी अधिक उपयोगी आहे.

४. प्रवासी नावे व व्युत्पत्तीचा मोह

साम्ये दिसू लागली की सर्वत्र नाते शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. येथे तीन प्रकारची साम्ये वेगळी ठेवणे आवश्यक आहे : एकाच परिस्थितीतून स्वतंत्रपणे उद्भवलेली, एकाच मुळापासून दोन्हीकडे पोहोचलेली, आणि प्रत्यक्ष एकाने दुसऱ्याकडून घेतलेली. 'अन्न' व 'कानिन' हे पहिल्या प्रकारचे उदाहरण वर आलेच आहे.

दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे गोडाच्या मुळाशीच सापडतात. संस्कृत 'गुड' हा शब्द मराठीत 'गूळ' झाला आणि समुद्रमार्गे मलायी भाषेत जाऊन 'गुला' झाला; तेथे त्याचा अर्थ साखर. संस्कृत 'शर्करा' मराठीत 'साखर' झाली. तीच फारसी, अरबी व स्पॅनिश असा प्रवास करून फिलिपाइन्समध्ये 'असुकाल' या रूपाने उतरली. युरोपीय भाषांत गुळाचे जे नाव आहे, पोर्तुगिजांचे 'जागरा', तेही मलयाळममधील 'चक्करा'मार्गे त्याच शर्करेकडे जाते. तागालोग भाषेत चवीस 'लासा' म्हणतात; तो मलायीमार्गे गेलेला 'रस' होय. तेव्हा मनिलातील गृहिणी साखरेचे नाव घेते आणि तलासरीतील गृहिणी साखरेचे नाव घेते, तेव्हा दोघी एकच शब्द उच्चारीत असतात. एकीकडे तो पश्चिमेची प्रदक्षिणा करून आला आहे, एवढाच फरक.

तिसऱ्या प्रकारात दोदोल हा पदार्थ बसतो. जावा व मलाया येथे चिकट तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व ताडगूळ तासन्‌तास ढवळून दोदोल करतात आणि ईदेस वाटतात. फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावरील मुस्लिम समाजांतही तो याच नावाने आहे, श्रीलंकेत आहे, आणि गोव्यात तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा काळा गूळ घालून तो नाताळास होतो. पोर्तुगिजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले व १६४१ पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले; गोवा व मलाक्का यांच्यातील ही दीर्घ ये-जा लक्षात घेता शब्दाचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे झाला असे मानणे सयुक्तिक ठरते. येथे नाव, घटक व क्रिया ही तिन्ही जुळतात, म्हणून उसनवारीचा निष्कर्ष टिकतो.

बेबिंका व बिबिंगका यांच्या बाबतीत मात्र थांबावयास हवे. नावे जुळतात, मलायी-इंडोनेशियाई 'बिंगका' व मकावमधील दुधाची 'बेबिंका' हीही त्याच रांगेत येतात. परंतु गोव्याची बेबिंका म्हणजे मैदा, अंड्याचा बलक, नारळाचा रस, साखर व तूप यांचा थरावर थर भाजून केलेला पदार्थ, तर फिलिपिनो बिबिंगका म्हणजे केळीच्या पानावर ओतून भाजलेली तांदळाच्या पिठाची जाड पोळी. दोहोंत नारळ आणि वरून दिलेली आच ही समान आहेत. पण वर-खाली निखारे ठेवून भाजण्याची रीत कोकणात धोंडसासाठीही आहे, आणि धोंडसाचे नाव पोर्तुगिजांकडून आलेले नाही. तेव्हा नावाचा प्रवास मान्य करूनही पदार्थाचा प्रवास त्यावरून सिद्ध होत नाही. बेबिंकेच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही, आणि याद्यांतील 'बिबिंगका म्हणजे फिलिपिनो बेबिंका' हे समीकरण त्या मतभेदास एका ओळीत मिटवून टाकते. डहाणूच्या किनाऱ्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती, म्हणून येथील प्रत्येक वाफवलेल्या गोडास पोर्तुगीज मूळ चिकटवणे हेही तितकेच अशास्त्रीय ठरेल.

५. कोनफळ आणि चिकू

या विवेचनाचा खरा कस दोन वस्तूंवर लागतो, कारण त्या दोन्ही डहाणू-तलासरीत आहेत आणि दोन्ही फिलिपाइन्समध्येही आहेत.

पहिली वस्तू कोनफळ. फिलिपिनो गोड पदार्थांत आज जगभर ज्याचे नाव झाले आहे ते जांभळे 'उबे' म्हणजे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपले कोनफळच. दोन्ही डायोस्कोरिया अलाटा या एकाच जातीचे. 'उबे' हा शब्द फार प्राचीन आहे. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलात कंदवाचक जो मूळ शब्द कल्पिला गेला आहे त्याची रूपे मादागास्करपासून पॉलिनेशियापर्यंत आढळतात. मलायीतील 'उबी' हे त्यांपैकीच एक. उकडून कुस्करलेले उबे दूध व साखर घालून आटवले की 'उबे हालाया' होतो, आणि त्यातील 'हालाया' हा स्पॅनिश शब्द मुरंब्यासारख्या पदार्थाचा वाचक आहे. म्हणजे कंद स्वतःचा, त्याचे नाव स्वतःचे, केवळ संस्काराचे नाव परके. आणि या संमिश्र नावासकट फिलिपिनो समाजाने तो पदार्थ आपला म्हणून जगापुढे ठेवला. फिलिपाइन्समधील खाद्यसंस्कृतीच्या विख्यात अभ्यासक डोरीन फर्नांदेझ (१९३४–२००२) यांनी परक्या पदार्थांस देशी रूप कसे येते याचा विस्ताराने विचार केला आहे; त्यांचा 'तिकिम' हा लेखसंग्रह १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे एखाद्या लेखिकेने कोनफळास अशी दृष्टी दिली असती तर त्याचे स्थान काही निराळे झाले असते.

तोच कंद तलासरीच्या पाड्यावर दिवाळीत उकडून खातात. शहरी घरांत तो उपवासास चालतो. सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत तो मडक्यात घालून भाजतात. मराठी वाचक 'उबे' हे नाव यादीत वाचतो तेव्हा ते परदेशातून मागवावयाचे काहीतरी आहे असे समजतो आणि भुकटीचे पाकीट शोधू लागतो. कोनफळ त्याच्या बाजारात असते. हा दोष वाचकाच्या जिभेचा नाही. दोन नावे एका वस्तूची आहेत हे सांगण्याचे काम ज्या यादीने करावयाचे, तिने ते केलेले नाही.

दुसरी वस्तू चिकू. या फळाचे मूळस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. मनिला व मेक्सिको यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश गलबतांची वाहतूक चालू होती. त्या मार्गाने हे झाड फिलिपाइन्समध्ये पोहोचले व तेथे त्याचे नाव 'चिको' झाले. स्पॅनिशमधील 'सापोते', ज्यापासून 'सपोटा' हा शब्द आला, तो मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतील मऊ फळाच्या वाचक शब्दावरून आलेला आहे. मराठीतील 'चिकू' हा मनिलाच्या 'चिको'चाच सोयरा. आज डहाणू-घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकनाने ओळखला जातो, आणि जून २०२१ मध्ये मानांकित चिकू इंग्लंडला रवाना झाला. चिकूचा हलवा, बर्फी, भुकटी यांनी येथील दुकाने भरलेली असतात, आणि या पदार्थांस 'मेक्सिकन' म्हणावे असे कोणास वाटत नाही.

चिकूचा हा इतिहास नामव्यवस्थेच्या विचारात निर्णायक आहे. झाड परके, नाव परके. परंतु बागाईतदारांनी ते जोपासले, बाजाराने ते नाव उचलले, कायद्याने त्यास गावाचे नाव जोडले, आणि फळ डहाणूचे झाले. वस्तूचे स्वत्व तिच्या उगमावर अवलंबून नसते. ती कोण करतो, केव्हा करतो आणि कोणत्या नावाने हाक मारतो, यांवर ते ठरते. हाच न्याय सावेलीस लावला तर काय दिसते? तिचे पीठ येथल्या शेतातले, काकडी येथल्या वेलीवरची, पान येथल्या रानातले. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन आहे, चिकूस आहे, सावेलीस नाही. मानांकन मिळावे असा येथे आग्रह नाही. परंतु सणाच्या कार्यक्रमात तिच्यासमोर 'आदिवासी पदार्थ' एवढीच पाटी लागते, तेव्हा तिला स्वतःचे नाव आहे हेही पाहुण्यास कळत नाही. बिबिंगकेसमोर मात्र तिचे पूर्ण नाव लिहिलेले असते.

६. कोश, सर्वेक्षण व पाकग्रंथ

हे असे का झाले, याचे उत्तर शब्द गोळा करण्याच्या पद्धतीत शोधावे लागते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला व वारली बोलीचा विचार त्यात आलेला आहे. त्या सर्वेक्षणाचे ऋण मोठे आहे. परंतु त्यातील मुख्य नमुना बायबलातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर हा होता, आणि त्याच्या जोडीस शब्द व वाक्ये यांची एक ठरावीक यादी. बोलींची परस्पर तुलना करण्यास ही पद्धत उत्तम होती. मात्र भाषांतरित गोष्टीत मेजवानी येते ती वासराच्या मांसाची. वाघबारशीस पानात काय उकडते हे विचारण्याचा प्रसंगच तेथे उद्भवत नाही. ज्याचा प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर नोंदले गेले नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

कोशांची अडचण निराळी. मोल्सवर्थ यांच्या कोशापासून (दुसरी आवृत्ती १८५७) महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत कोकणातील खाद्यनामांचा भरणा मराठी कोशांत पुष्कळ आहे. तथापि कोशकार अनेकदा 'एक पक्वान्न', 'एक खाद्यविशेष' एवढ्यावर थांबतो. अशा अर्थाने शब्द ग्रंथात येतो, वस्तू येत नाही. पान कोणते, पीठ की अख्खा तांदूळ, वाफ की निखारा, सण कोणता, हे सांगितल्याशिवाय पानगा व पातोळी यांतील भेद कोशातून समजणार नाही, मग सुमानाशी त्यांची तुलना दूरच.

पाकग्रंथांनी क्रिया नोंदवली, आणि ती काळजीपूर्वक नोंदवली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' (१९१०) व कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' (१९७०) या ग्रंथांनी मराठी गृहिणीस प्रमाणे व कृती यांची शिस्त दिली. परंतु त्यांची वाचक नागर व साक्षर गृहिणी होती, आणि पदार्थाची निवड त्या वाचकाच्या चुलीवर ठरली. यात त्यांचा दोष काढणे अनुचित होईल. प्रत्येक ग्रंथ आपल्या वाचकासाठीच लिहिला जातो. दोष आहे तो नंतरच्या संकलकांचा, ज्यांच्यापुढे सारा जिल्हा व सारे जग खुले असताना त्यांनी मनिलाची यादी आणली आणि तलासरीचा पाडा ओलांडून ते पुढे गेले.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल. पानात उकडलेला पदार्थ लगेच खावयाचा असतो, त्याचे पान दूरवर मिळत नाही, आणि शहरी मेजवानीस तो सोयीचा नाही. म्हणून तो यादीत नाही, यात भाषिक अन्याय कसला? आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो पुरेसा नाही. सुमानाचीही हीच अडचण होती. तरीही तो बाजारात आला, कारण नाव, पान व प्रकार यांची स्पष्ट ओळख त्याच्यापाशी होती आणि विकत घेणारा 'इबुसचा दे' असे मागू शकत होता. मागणीस नाव लागते. दुसरे असे की सोयीअभावी पदार्थ मेजवानीत न आला तरी चालेल. त्याचे नाव अभ्यासाच्या साधनांत न येणे मात्र चालणार नाही. बोलीतील नावे ती बोलणाऱ्यांच्या पुढल्या पिढीकडे घरातूनच जातात. ती पिढी प्रमाण मराठीत शिकते, आणि सणाच्या पदार्थांवर निबंध लिहिण्याची वेळ आली की तिच्या वहीत करंजी, चकली, शंकरपाळे ही नावे उतरतात, कारण पुस्तकांत तीच असतात. आपल्या घरी दिवाळीला जे झाले त्याला लिहिण्याजोगे नाव नाही, असे मूल गृहीत धरते. हे गृहीत खोटे आहे, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांवर येते.

७. नोंदीचा एक आराखडा

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यास क्षेत्रकार्यात प्रत्येक गोड पदार्थाची नोंद पुढील क्रमाने करता येईल : नाव व त्याची स्थानिक रूपे, प्रत्येक रूप कोणत्या पाड्यावर किंवा समाजात ऐकू येते त्यासह, पिठाचे किंवा कंदाचे स्वरूप, पान किंवा पात्र, आच देण्याची रीत, गोडीचा पदार्थ, करण्याचा प्रसंग, आणि शेवटी, तोच पदार्थ शेजारच्या भाषेत कोणत्या नावाने आहे. सावेली व सावेला यांपैकी प्रमाण रूप कोणते, हा प्रश्न घाईने सोडवू नये. दोन्ही रूपे त्यांच्या ठिकाणांसह नोंदली तर पुढच्या अभ्यासकास त्यांतून बोलीच्या सीमाही सापडतील. विशेषतः तलासरीच्या बाबतीत, जेथे राज्याची सीमा व बोलीची सीमा एक नाहीत, ही नोंद नकाशाइतकीच उपयोगी होईल.

मेजवानीची यादीही याच तत्त्वावर रचता येते. पानात उकडलेले : सावेली, पातोळी, सुमान. ढवळून आटवलेले : दोदोल, चिकूचा हलवा, कोनफळाचा म्हणजेच उब्याचा हालाया. वर-खाली आच देऊन भाजलेले : धोंडस, बेबिंका, बिबिंगका. अशा मांडणीत कोणताही पदार्थ परका ठरत नाही आणि कोणताही पदार्थ आपले नाव गमावीत नाही. डहाणूच्या एखाद्या घरी नाताळास किंवा दिवाळीस अशी पंगत बसली, तर पाहुण्यास मनिला व तलासरी यांतील अंतर किती आणि साम्य किती, हे दोन्ही एकाच पानात कळेल. त्यासाठी यजमानाने एवढेच करावयाचे आहे की सावेली ज्या घरातून आली त्या घरातल्या बाईस तिचे नाव विचारावे, आणि ती जे सांगेल तेच पाटीवर लिहावे.